ठकठक की टिकटिक?

मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा एक छोटासा धडा असतो. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार. त्यातला तिसरा शिकवताना वर्गात हमखास धमाल यायची, कारण पाठांतर काहीच नाही. नुसते आवाज काढायचे आणि शब्द सांगायचे. बडबड, किरकिर, गडगड, खडखड, फडफड... येवल्याच्या पोरांना तर घरातच पैठणीच्या मागाची खटखट. त्यांना हा धडा शिकवावाही लागायचा नाही.

या धड्याची रुपयात किंमत किती, हे मात्र मला या जानेवारीत कळलं. साधारण सत्तर हजार!

झालं असं. माझा पुतण्या पिकअप चालवतो. गाडी स्वतःची, म्हणजे हप्ते संपेपर्यंत जेवढी स्वतःची असते तेवढी. हिवाळ्यात लाल कांदा, मग रांगडा, मग उन्हाळ. येवला, अंदरसूल, लासलगाव, जिकडे भाव बरा तिकडे शेतकऱ्याचा माल पोचवायचा. ऐन हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली तरी हप्त्याचं गणित चुकतं. तर एका संध्याकाळी तो घरी आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "नाना, इंजिन गेलं."

"गेलं म्हणजे?"

"सकाळी चालू केलं की ठोकतंय. गॅरेजवाला म्हणतो, आतलं बेअरिंग वाजतंय. हाफ इंजिनचं काम निघेल. सत्तर हजार धरून चला म्हणाला."

मी विचारलं, "त्याने आवाज ऐकला का?"

"तिथे नेलं तेव्हा आवाजच येत नव्हता ना! गाडी गरम झाली की बंद होतो. मी सांगितलं त्याला कसं ठोकतंय ते."

म्हणजे वैद्याने रोगी पाहिलाच नव्हता, निरोप ऐकून औषध सांगितलं होतं. त्यात त्या गॅरेजवाल्याचं काही लबाडीचं होतं असं मला वाटत नाही. 'ठोकतंय' हा शब्द ऐकल्यावर कुठलाही मिस्त्री आधी बेअरिंगच म्हणेल. प्रश्न हा होता की गाडी खरंच ठोकत होती का?

मी काही यंत्राचा जाणकार नाही. बी.ए. मराठीचा मास्तर. पण शब्द नीट वापरला आहे की नाही हे तपासणं आयुष्यभर केलं. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी मला बोलव.

गाडी आमच्याच अंगणात होती. आपल्याकडची जानेवारीची थंडी तुम्हाला माहीतच आहे. शेजारच्या निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते, आणि आम्ही इकडे न छापलेले कुडकुडत असतो. पहाटे साडेपाचला कानटोपी वर सारून ऐकायला उभा राहिलो. इंजिन चालू झालं आणि त्या नेहमीच्या खडखडीत एक वेगळा आवाज ऐकू आला. कोरडा, बारीक, भरभर. टिक-टिक-टिक-टिक, आणि त्याच्या पोटात किंचित 'फस्स'. सात-आठ मिनिटांनी तो विरळ होत गेला आणि मग नाहीसाच झाला.

मी म्हटलं, "अरे, ही ठकठक नाही. ही टिकटिक आहे."

तो वैतागून म्हणाला, "नाना, शब्दाने काय फरक पडतो?"

त्यानंतरचे तीन दिवस मी त्याला एक वही दिली. किती वाजता चालू केली, आवाज लगेच आला की थोड्या वेळाने, किती मिनिटं राहिला, रेस दिल्यावर वाढला का, भरलेल्या गाडीला चढावर काही वेगळं जाणवलं का. आधी कुरकुरला, पण लिहिलं. ही वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वही वाचली, फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज मात्र ऐकलाही नाही. "सर, फोनमध्ये सगळ्या गाड्या एकसारख्याच वाजतात," म्हणाले. "गाडी रात्रीच आणून लावा. सकाळी मी आल्याशिवाय किल्लीला हात लावू नका."

हे मला फार आवडलं. शाळा तपासायला साहेब आले की वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोरगं हाताची घडी घालून बसतं. गरम इंजिनचं तसंच असतं. खोड पाहायची तर साहेबांनी न सांगता, सकाळी पहिल्या तासाला यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी जे केलं आणि करता करता मला जे समजावलं, ते इथे लिहून ठेवतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी डिझेल गाडी किंवा ट्रॅक्टर आहे.

पहिली गोष्ट, थंड डिझेल इंजिन थोडं खडखडणारच. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये ती नसते. आतली हवा दाबून दाबून मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शात कोंबतात. त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये असं पहिलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं. आता सकाळी लोखंड गार असतं, ते हवेची उष्णता शोषून घेतं. डिझेल पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात आणखी डिझेल साचतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तोच तो खडखडाट. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा, तो याचसाठी. तेवढ्या वेळात हीटर प्लग आतली जागा तापवतात. आमचे महाशय दिवा दिसायच्या आत किल्ली फिरवायचे. तीही सवय त्या दिवशी सुटली.

दुसरा आवाज वरून येतो, टॅपेटचा. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी घट्ट झालेलं ऑइल वर पोचेपर्यंत दोन-चार सेकंद वरचे भाग कोरडे वाजतात. ऑइल फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो ऑइल परत खाली येऊ देत नाही. हलका फिल्टर बसवला की हा पडदा लवकर निकामी होतो आणि कटकट लांबते. मिस्त्रींनी म्हणूनच आधी पट्टी काढून ऑइलची पातळी बघितली, ऑइल कधी बदललं ते विचारलं. पण आमचा आवाज सात-आठ मिनिटं टिकत होता. ऑइल वर पोचायला एवढा वेळ लागत नाही.

तिसरा पिस्टनचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून थंड असताना दोघांत फट जास्त असते आणि झिजलेला पिस्टन भिंतीवर आपटतो. हा आवाज बोदा, मातीच्या रिकाम्या मडक्यावर बोट मारल्यासारखा. गरम झाल्यावर तोही कमी होतो.

चौथा तो भीतीचा, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. खरी ठकठक ती. खोल, जड, खालून येणारी, आणि ओझं पडलं की वाढणारी. मिस्त्रींचं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं: "सर, बेअरिंग गरम झाल्यावर बरं होत नाही, आणखी बिघडतं." इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि दोन धातूंमधला पडदा विरतो. म्हणजे आवाज गरम झाल्यावर नाहीसा होतो, एवढ्या एका गोष्टीनेही बेअरिंगवरचा संशय निम्मा तरी कमी व्हायला हवा होता.

पाचवा आवाज इंजिनच्या आतला नसतोच. धूर जिथून बाहेर पडतो ते मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला बोल्टने आवळलेलं असतं, मध्ये गास्केट. रोज तापणं, रोज गार होणं, त्यात टर्बोचंही वजन त्याच्यावरच. वर्षानुवर्षं असं झालं की एखादा बोल्ट तुटतो, बहुधा टोकाचा. मग थंड असताना बारीक फट राहते आणि दर स्फोटाला तिथून धुराचा फटकारा बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला चारशे स्फोट, म्हणजे सेकंदाला सहा-सात. हीच ती भरभर टिकटिक. लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज बंद!

ओळखायचं कसं? मिस्त्रींनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर आणि लाकडी मूठ कानाशी. चेंबरला लावून ऐकलं, वर लावून ऐकलं, मान हलवली. मग गॅसच्या शेगडीची असते तशी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेने फिरवू लागले. मागच्या सिलिंडरपाशी आले आणि हसले. नळी माझ्या हातात दिली. काय सांगू! कानात कोणीतरी चुटक्या वाजवाव्यात तसं.

मला लेनेक आठवले. १८१६ साली पॅरिसमधल्या या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. धातूवर धातू आपटत असेल तर स्क्रूड्रायव्हर बोलतो, हवा फुटत असेल तर नळी बोलते. मी विचारलं, एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढून आवाज कमी होतो का ते बघतात, तसं का नाही केलं? म्हणाले, "त्याने कुठला सिलिंडर ते कळेल, कुठला रोग ते नाही. स्फोटच बंद केला तर बेअरिंगपण गप्प आणि गळतीपण गप्प." जुन्या इंजिनात नोझलचा पाइप सैल करून असं बघत. आताच्या इंजिनात ते चुकूनही करू नये. त्या पाइपातला दाब एवढा प्रचंड असतो की डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते.

गाडी बंद करून टॉर्च मारला, तर त्या जागी काजळीचा काळा पंखा उमटलेला आणि मागचा बोल्ट डोक्यापासून तुटलेला. तरीही मिस्त्रींनी घाई केली नाही. ऑइल बदलायला आलंच होतं, तेव्हा जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडला आणि उन्हात धरला. बेअरिंग खाल्लं असतं तर चकाकणारी कणी दिसली असती. नव्हती.

तुटलेल्या बोल्टवर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, नवीन गास्केट, नवे बोल्ट. ऑइल-फिल्टर आणि मजुरी धरून बिल पाच हजारांच्या आत. एक दिवस गाडी उभी राहिली. मनमाडकडे अनकाईच्या चढाला गाडी ओढत नाही अशी पुतण्याने वहीत नोंद केली होती, तीही तक्रार गेली, कारण टर्बोला मिळायचा धूर वाटेतच गळत होता. गळणारा धूर केबिनमध्ये येऊ शकतो, त्यामुळे हे दुखणं स्वस्त असलं तरी अंगावर काढण्यासारखं नव्हतं.

आता कोणी असं समजू नका की सकाळचा प्रत्येक आवाज पाच हजारांतच मिटतो. पुढच्या वेळी खरंच खोल ठकठक निघाली, ऑइलचा दिवा लागला, तर गाडी आहे तिथे बंद करायची आणि हाफ इंजिनचे पैसे मुकाट्याने मोजायचे. तिथे टिकटिक म्हणून मनाची समजूत घालणं जास्त महाग पडेल. माझं म्हणणं एवढंच की शब्द शोधायच्या आधी कान द्यावा. आपण मिस्त्रीकडे, डॉक्टरकडे जातो तेव्हा रोगाचं नाव सांगतो आणि लक्षण सांगायचं विसरतो. 'इंजिन ठोकतंय' हे नाव झालं. 'थंड असताना, मागच्या बाजूने, बारीक टिकटिक, आठ मिनिटं, मग बंद' हे लक्षण. पहिल्याची किंमत सत्तर हजार निघाली, दुसऱ्याची पाच.

पुतण्याने ती वही गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे. त्यात परवा एक नवी नोंद दिसली, "डाव्या पुढच्या चाकातून वळताना कुचकुच." करकर नव्हे, खरखर नव्हे, कुचकुच. मास्तरकीचं समाधान निवृत्तीनंतरही मिळतं ते असं!

तुमच्याकडे, कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात गाडीच्या आवाजांना आणखी कुठले शब्द आहेत? जरूर कळवा. वहीत पानं बरीच शिल्लक आहेत.