नाताळचं गोत

शब्दांचं वेड मला लावलं ते नगरच्या एका शिक्षिकेने. त्या आमच्या शेजारी राहायच्या आणि सगळी आळी त्यांना बाईच म्हणायची. दिवाळीला त्या आमच्याकडे करंज्या करायला यायच्या, डिसेंबरात आई त्यांच्याकडे जायची. कातण फिरवायचं काम माझं.

करंजीची कड कापत असताना बाईंनी एकदा विचारलं, "नगरला मिशन आलं अमेरिकनांचं, १८३१ साली. ते ख्रिसमस म्हणणारे. मग आपण नाताळ का रे म्हणतो?"

उत्तर त्यांनी हात धुऊन, वहीच्या पानावर वंशावळ काढून दिलं. सगळ्यात वर लॅटिनमधला मूळपुरुष 'नातालिस', म्हणजे जन्माचा. खाली त्याची लेकरं: इटालियन नाताले, कातालान नादाल, पोर्तुगीज नाताल. फ्रेंचांनी मधला 'त' पार गिळून नोएल केलं. स्पॅनिश नाविदाद त्याच धातूचा, पण चुलत घरचा. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि गोवा तर त्याहून कितीतरी जास्त काळ. त्या किनाऱ्यावरून शब्द घाट चढला. पाव, चावी, पगार, पाद्री हेही त्याच वाटेचे आणि मुळात लॅटिनच. १४९७च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यालगत होता, त्यालाही त्याने नाताल हेच नाव दिलं.

मराठीची फांदी पानाच्या अगदी कडेला होती. तिथला 'ळ' बाईंनी दोनदा गिरवला. "एवढा मात्र आपला," म्हणाल्या.

शाळेत व्याकरण घोकून मला भाषेची गोडी कधी लागली नसती. ती त्या पानाने लावली. दुधावरून आणि कांद्याच्या भावावरून ज्यांच्याशी बोलतो, त्या आपल्या माणसांच्या तोंडी रोमचा शब्द सुखाने नांदतो, हे कळल्यावर मी अक्षरशः झोपलो नाही. पुण्याला भाषाशास्त्र शिकायला निघालो तेव्हा बाईंनी स्वतःचा मोल्सवर्थचा कोश माझ्या पिशवीत घातला. निवृत्त शिक्षिकेच्या घरातली ती सगळ्यात मोलाची वस्तू होती. परत करायला गेलो तर घेतला नाही.

पुढे राफाएल नादाल टेनिस गाजवू लागला, तेव्हा त्याच्या आडनावातच नाताळ आहे हे सांगायला मी त्यांना फोन केला.

"कुठला रे तो?"

"मायोर्काचा."

"मग कातालान फांदी," बाई लगेच म्हणाल्या, "आणि सामना किती वाजता आहे?"