वंगण कोठे घालावे?

बैलगाडीच्या कोरड्या आसाची करकर ज्याने ऐकली आहे, त्याला घर्षण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. चाक कुरकुरते, बैल माना खाली घालून ओढतात, आस तापतो आणि गाडीवान वंगणाचे नळकांडे शोधू लागतो. अशा वेळी सहज मनात येते की, हे घर्षण जगात नसतेच तर किती बरे झाले असते! बालपणी आमचेही मत असेच होते. ते मत आम्हाला ज्या दिवशी सोडावे लागले, त्या दिवसाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण पावसाळा तोंडावर आला की ती आम्हाला हटकून आठवते.

आमचे वडील खानापूर तालुक्यातील एका खेड्यात सुतारकाम करीत. गाड्यांची चाके बनविणे व दुरुस्त करणे हा त्यांचा मुख्य धंदा. घरी एक जुनी पण दणकट सायकल होती. 1968 सालच्या जून महिन्यात, संत अंतोनीच्या सणाला धाकट्या बहिणीला सायकलीवरून मिस्साला नेण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो आणि ती नऊ वर्षांची. सणासाठी सायकलही सजली पाहिजे, असे आम्ही मनाशी ठरविले. आदल्या सायंकाळी चेनला तेल दिले, दोन्ही चाकांच्या छऱ्यांना तेल सोडले, आणि चकाकी यावी म्हणून तेलात भिजविलेल्या फडक्याने दोन्ही रिमा पुसून काढल्या. सायकल आरशासारखी चकाकू लागली. त्या रात्री आमच्या छातीत अभिमान मावत नव्हता.

चर्चच्या वाटेवर एक लांब उतार आहे आणि त्याच्या पायथ्याशी ओढ्यावरची अरुंद मोरी. सकाळीच एक सर पडून गेली होती. नवा पांढरा झगा घातलेली बहीण मागे बसली होती. उतारावर सायकल धावू लागली. छऱ्यांना तेल दिल्यामुळे ती नेहमीपेक्षा अधिकच मोकळी धावत होती. आम्ही ब्रेक दाबले. ब्रेकची रबरे रिमेवरून नुसती घसरत राहिली. ''दादा, हळू!'' असे ती ओरडल्याचे आठवते. मोरीच्या कठड्याला आदळून आम्ही दोघे चिखलात पडलो. आमचे गुडघे फुटले, पण तिच्या उजव्या हाताचे मनगट मोडले. हाड पुढे सांधले, परंतु नीट बसले नाही. आज ती आजी झाली आहे. तरी तो हात पूर्ण वळत नाही, आणि भाकरी थापताना ती अजूनही डाव्या हातावर जोर देते.

वडिलांनी आम्हाला मारले नाही. त्याच सायंकाळी त्यांनी आम्हाला गोठ्यापाशी उभ्या असलेल्या गाडीजवळ नेले. प्रथम आसावर हात ठेवून ते म्हणाले, ''येथे चाक फिरायला हवे, म्हणून येथे वंगण.'' मग चाकावरच्या लोखंडी धावेला हात लावून म्हणाले, ''हिने रस्ता धरायला हवा. हिला वंगण फासणारा गाडीवान तू कधी पाहिलास? बाळा, वंगण वाईट नव्हे. ते कोठे घालावे हे कळले पाहिजे.'' एवढे बोलून त्यांनी सायकल माळ्यावर चढविली. पुढल्या सणापर्यंत तिला हात लावण्याची आम्हाला मनाई झाली.

वडील फार शिकलेले नव्हते. पण पुढे शाळेत शास्त्र शिकू लागलो, तेव्हा त्यांच्या त्या दोन वाक्यांत केवढा अर्थ होता हे ध्यानात आले. न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितले की, चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही. तिला थांबविण्यास बाहेरचे बल लागते. उतारावरून धावणाऱ्या सायकलीला ते बल कोण देणार? रिमेवर घासणारे रबर आणि रस्ता धरणारा टायर. दोन्ही कामे घर्षणाचीच. थांबताना सायकलीची गती नाहीशी होते ती उष्णतेच्या रूपाने. म्हणूनच घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात. आम्ही मात्र रबर व रिम यांच्यामध्ये तेलाचा पडदा टाकून ठेवला होता, आणि सकाळच्या पावसाने त्यात भर घातली.

घर्षणाचे नियम शोधण्यास थोरामोठ्यांनी आपली बुद्धी वेचली आहे. लिओनार्दो दा विंची याने ते आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते; परंतु त्या वह्या जगापुढे आल्या नाहीत. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी, 1699 साली, तरुणपणीच बहिरे झालेले फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी तेच नियम पुन्हा शोधून मांडले. भार दुप्पट केला की घर्षणही दुप्पट होते, हा त्यांतील एक. भरलेल्या गाडीचा आस अधिक का कुरकुरतो, याचे उत्तर त्यात आहे. हे घर्षण कमी करण्यासाठी 1794 साली फिलिप वॉन नावाच्या गृहस्थाने गाडीच्या आसात लोखंडी छरे बसविण्याचे पेटंट घेतले. घासण्यापेक्षा घरंगळणे सोपे, एवढीच त्यातील युक्ती. 1869 साली पॅरिसच्या एका कारागिराने तेच छरे सायकलीत आणले. आज पिठाच्या गिरणीपासून विहिरीवरच्या पंपापर्यंत सर्वत्र तीच युक्ती राबते आहे.

पण याच शत्रूच्या आधारावर आपले घर उभे आहे, हे आपण विसरतो. भिंतीत ठोकलेला खिळा घर्षणाने टिकतो. दोरीची गाठ घर्षणाने बसते. वेदीवरच्या सुती वस्त्राचा धागा घ्या. कापसाचे तंतू बोटभरही लांब नसतात आणि त्यांच्यात गोंद नसतो. पीळ दिल्यामुळे ते एकमेकांवर दाबले जातात, एकमेकांना धरून ठेवतात, आणि त्यातून हातभर नव्हे, मैलभर लांबीचा धागा निघतो. शेवाळलेल्या पायरीवर एकदा पाय ठेवून पाहावा, म्हणजे घर्षणावाचून माणसाला एक पाऊलही टाकता येत नाही हे पटते.

कुटुंबाचेही असेच आहे, असे आम्हास वाटते. चार माणसे एका छपराखाली राहिली की घासाघीस होणारच. तेथे गोड शब्दाचे, क्षमेचे वंगण हवे. ते ज्या घरात नाही, त्या घराची करकर शेजाऱ्यांनाही ऐकू येते. परंतु मुलगा उताराला लागला असता ''जाऊ द्या, लहान आहे,'' असे म्हणणे म्हणजे रिमेला तेल फासणेच होय. त्या सायंकाळी वडिलांनी आमच्यावर हात उगारला नाही, हे वंगण. आणि वर्षभर सायकल माळ्यावर ठेवली, हा ब्रेक. दोन्ही आपापल्या जागी होते, म्हणून दोन्ही आमच्या उपयोगी पडले.

आता गावात सायकली थोड्या आणि मोटारसायकली फार. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, हा हिशेब तरुणांनी ध्यानात ठेवावा. पहिल्या सरीत तर विशेष जपावे. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि धूळ त्या पाण्यात कालवली जाते आणि सारा रस्ताच आमच्या त्या रिमेसारखा निसरडा होतो. भीतीने एकदम ब्रेक दाबून चाक जागीच अडकविणे हेही धोक्याचे. कारण घसरत्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी होते आणि गाडी वळविता येत नाही.

दर वर्षी संत अंतोनीच्या सणाच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात वाड्यातील मुले आपल्या सायकली घेऊन येतात. आम्ही छऱ्यांना तेल देतो, मग कोरडे फडके घेऊन रिमा पुसतो आणि ब्रेक दाबून पाहतो. बहीण आली असली की ती पायरीवर बसून पाहत असते. एखाद्या मुलाने तेलाचे बोट रिमेला लावलेच, तर आमच्याआधी तीच ओरडते.