शब्द उशिरा मिळाला तरी



आज एखाद्या विद्यार्थ्याविषयी नाही, स्वतःविषयी लिहिते आहे. मी ४७ वर्षांची, २३ वर्षं गणित शिकवणारी शिक्षिका. गेल्या वर्षभरापासून मला वाटतंय, की मी कदाचित स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. 'कदाचित' हा शब्द मुद्दाम ठेवलाय, कारण तज्ज्ञांकडची तपासणी अजून व्हायची आहे.

सुरुवात झाली समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणात. स्वमग्न मुलांची लक्षणं एकेक करून फळ्यावर येत होती. नजरेला नजर देणं जड जातं. ठरलेला क्रम बदलला की गोंधळ उडतो. काही आवाज, काही कापडांचा स्पर्श सहन होत नाही. बोललेलं शब्दशः घेतलं जातं. शेजारच्या मॅडम आपल्या वर्गातली मुलं आठवत होत्या. मी मात्र स्वतःलाच मोजत होते.

तुम्ही म्हणाल, असं थोडंफार सगळ्यांचंच असतं. खरंय. पण प्रश्न त्यासाठी किती किंमत मोजावी लागते याचा आहे. साधा फोन करायचा तरी मी आधी वाक्यं कागदावर लिहून काढते. हळदीकुंकवाहून आले की दोन तास अंधाऱ्या खोलीत पडावं लागतं. वर्गात ४० मुलांसमोर मात्र मी मोकळी असते, कारण तिथे वेळ, विषय आणि माझं काम ठरलेलं असतं. मधल्या सुट्टीतल्या गप्पांत कधी हसायचं, हे मी इतरांकडे बघून बघून शिकले. याला 'मास्किंग' म्हणतात, म्हणजे मुखवटा चढवणं. बऱ्याच मुली हे लहानपणीच शिकतात, त्यामुळे त्यांच्यातली स्वमग्नता अनेकदा कुणाच्या लक्षातच येत नाही.

मला 'शिष्ट', 'माणूसघाणी' म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं १९४३ मध्ये मांडली, पण अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझम स्वतंत्रपणे आला तो १९८० मध्ये. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात त्याचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. मी पहिलीत गेले १९८४ साली! माझ्या बाईंना हे कुठून कळणार होतं?

खरं सांगायचं तर 'स्वमग्न' हा शब्द मला पुरता पटत नाही. मी काही स्वतःत बुडालेली नसते. उलट ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या वर्गातले पाढे, कुणाच्या तरी बांगड्या, सगळं एकदम अंगावर येतं.

घरात विचारणा झाली, "या वयात कळून काय करणार?" प्रश्न रास्त आहे. मोठ्या माणसाचं निदान करताना तज्ज्ञ बालपणाबद्दल विचारतात, आणि माझं बालपण आता फक्त आईला आठवतंय. ती ७६ वर्षांची आहे. तिच्याजवळ बसून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वरातीचा बँड आला की तू कपाटामागे जाऊन बसायचीस. सगळे म्हणायचे, लाडावून ठेवलीय." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं का गं?"

पालकहो, हा प्रश्न तुमच्याही मनात येतो, म्हणून उत्तर स्पष्ट लिहिते. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, हा समज एके काळी डॉक्टरांमध्येही होता. तो खोटा ठरला आहे. मेंदूची वाढच वेगळ्या वाटेनं होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मी आईला म्हटलं, "अगं, तू मला कपाटामागून कधी ओढून काढलं नाहीस. तेच बरोबर होतं."

इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या मीही भरल्या. त्या फक्त चाळणीचं काम करतात. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञच करू शकतात. माझी वेळ पुढच्या महिन्यात आहे. उत्तर 'नाही' आलं, तरी स्वतःला 'कमी पडते' म्हणणं मी सोडलंय.

शिक्षकांनो, निदानाची वाट न बघता आपल्याला काही गोष्टी आजही करता येतात. तासिका बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. 'माझ्याकडे बघून बोल' असा आग्रह धरू नका, न बघताही मूल ऐकत असतं. परिपाठात कानावर हात ठेवणाऱ्या मुलाला रांगेच्या टोकाला, माइकपासून लांब उभं राहू द्या. आणि अभ्यासात हुशार, शांत, कुणाला त्रास न देणाऱ्या मुलीकडेही एकदा नीट पाहा. ती घरी गेल्यावर किती दमलेली असते, हे तिच्या आईला विचारा.