आपाची सही

गेल्या महिन्यात आमच्या चाळीच्या कमिटीने पुनर्विकासाच्या कागदांचं एकेक पाकीट घरोघर वाटलं. आत संमतीपत्र, लागणाऱ्या कागदांची यादी आणि सगळ्यात खाली एक पान होतं: इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. त्यावर माझ्या दोन बहिणींच्या सह्या हव्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "भाई, फॉर्मॅलिटी आहे. सगळ्यांच्या बहिणींनी केल्यात."

मलाही तेव्हा ती फॉर्मॅलिटीच वाटली. रविवारी मुंब्र्याला जाऊ, आपाच्या हातचं जेवू, सही घेऊन येऊ, एवढंच डोक्यात होतं.

आमची खोली लालबागला, दुसऱ्या मजल्यावर, 180 चौरस फुटांची. मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला. अब्बा गिरणीत साच्यावर होते. खोली त्यांनी पागडी भरून घेतली, म्हणजे मालकीची नाही आणि साधी भाड्याचीही नाही. 1947 च्या कायद्याने भाडी गोठवली, ती जवळपास गोठलेलीच राहिली. भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकाने हात काढले आणि इमारती खचत गेल्या. 1969 साली दुरुस्ती उपकराचा कायदा आला तेव्हा शहरात अशा 19,642 इमारती मोजल्या होत्या. त्यातल्या 16,502 'अ' वर्गातल्या, म्हणजे सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेल्या. आमची चाळ त्यातलीच.

आता नियम असा आहे की 51 टक्के भाडेकरूंनी संमती दिली की 33(7) खाली पुनर्विकास होऊ शकतो आणि लहान खोलीवाल्यालाही किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भाडेकरू मालक होतो. पगारातून ज्यांनी पागडीचे हप्ते फेडले, त्यांच्या मुलांच्या नावावर आज लोक कोटीच्या पुढचे आकडे बोलतात.

ना-हरकतीचं पान इथे येतं. 2009 साली अब्बा गेले. भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानतात. अम्मी आधीच गेली होती, बहिणी सासरी होत्या, खोलीत मी होतो. भाडेपावती माझ्या नावावर झाली. कायद्याने यात काही चुकलं नाही.

यादीत दुरुस्तीची बिलंही मागितली होती, म्हणून मी अब्बांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात पोटमाळ्याचा हिशेब सापडला. सुताराने वहीच्या पानावर लिहून दिलेला: सागाचे वासे, फळ्या, शिडी, मजुरी. साल 1986. खाली अब्बांच्या अक्षरात, 'पैसे बेबीने दिले.'

बेबी म्हणजे माझी मोठी आपा.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आपा सतरा वर्षांची होती. अब्बांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. आपाने शिवणयंत्र घेतलं. चाळीतल्या बायकांचे ब्लाऊज, साड्यांचे फॉल, गणपतीच्या आधी रात्र रात्र जागून मुलींची परकर-पोलकी. शेजारच्या काकू मंडळातून कामं आणून द्यायच्या. ती मशीन चालवायची आणि मी नव्या पोटमाळ्यावर दहावीचा अभ्यास करायचो. तो माळा तिने माझ्यासाठीच बांधून घेतला होता. पुढे मोरीला लाद्या बसवल्या, कोब्याच्या जागी फरशी आली, त्यातही तिचे पैसे होते. विकासकाच्या माणसाने खोली मोजली तेव्हा पोटमाळा धरला नाही. आणि वारसांच्या पानाने आपाला धरलं नव्हतं.

आपल्या समाजात आपण व्याख्यानांत अभिमानाने सांगतो की मुलीचा वारसाहक्क आमच्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच ठरला. मुलाला दोन, मुलीला एक. आमच्या हिशेबात अर्धं माझं आणि पाव-पाव बहिणींचं. पण सहीची वेळ आली की आपणच म्हणतो, लग्नात दिलं ना, ईदला साडी देतो ना. शेजारच्या हिंदू घरांतही वेगळं नाही. महाराष्ट्राने 1994 सालीच कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतच आहेत. या एका बाबतीत आमच्या चाळीत जातधर्म उरलेला नाही.

मी मुंब्र्याला गेलो. आपाने जेवण वाढलं, हात पुसले, चष्मा न लावताच पेन मागितलं. "कुठे करू?"

मी म्हटलं, "वाच तरी."

"तू आणलंयस ना? मग काय वाचायचं."

धाकटी तिथेच बसली होती. ती हसत म्हणाली, "भाई, नव्या घरात माझ्या एका खाटेची जागा ठेवशील ना?" ती मस्करीच करत होती, पण तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्याचं मला माहीत होतं. मी कागद घडी करून खिशात घातला. "झेरॉक्स नीट आली नाही," म्हणून खोटं बोललो.

घरी बायकोने सरळ विचारलं, "मुलाचं शिक्षण, आपलं म्हातारपण, ते कुठून?" तिचं चूक नव्हतं. पाव-पाव हिस्सा रोख द्यायला माझ्याकडे काहीच नाही. शेवटी वकिलाकडे बसून आम्ही तिघांनी कौटुंबिक करार करायचं ठरवलं. करार माझ्या नावावर होईल, पण घर विकलं तर रकमेचे चार भाग. न विकलं तर माझ्या पश्चात बहिणींचे किंवा त्यांच्या मुलांचे हिस्से आधी बाजूला. आणि दोघींपैकी कुणाला गरज पडली तर राहायला जागा. हे सगळं नोंदणी करून. मगच ना-हरकतीवर सह्या.

आपा वैतागली. "एवढा तमाशा कशाला?" पण या वेळी तिने चष्मा लावला आणि पूर्ण वाचलं.

ज्यांच्याकडे असं पाकीट येईल त्यांना एवढंच सांगेन. जुन्या भाडेपावत्या आणि वीजबिलं जपा. खोली पडणार असेल तर महागड्या लाद्यांत पैसे घालू नका, गळती तेवढी थांबवा. चटई क्षेत्र, स्थलांतराचं भाडं आणि ताब्याची मुदत नोंदणीकृत करारात लिहून घ्या. आणि सही मागायला जाण्याआधी घरातली पत्र्याची पेटी एकदा उघडून बघा.

आमची चाळ अजून उभी आहे. काम कधी सुरू होईल, कुणी सांगत नाही. सुताराचा तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाडेपावत्यांच्या वर ठेवला आहे.