बिबट्याचे शेजारी

शाळेच्या भूगोलात टोकाच्या हवामानात राहणाऱ्या माणसांचा धडा असतो. बर्फातले इनुइट, वाळवंटातले बदू, ॲमेझॉनच्या जंगलातल्या जमाती. मुले घर, अन्न, कपडे असा तक्ता करतात, पाठ करतात आणि त्यांची समजूत होते की निसर्गाशी जुळवून घेणारी माणसे कुठेतरी फार लांब राहतात. जोगेश्वरीच्या आमच्या वस्तीपासून अशी माणसे रिक्षाने अर्ध्या तासावर आहेत, आरे कॉलनीत.

गोरेगाव पूर्वेला महामार्ग सोडून आरेच्या रस्त्याला लागले की दोन वळणांतच हवा बदलते. हॉर्नचा आवाज मागे पडतो, झाडांची सावली येते आणि तबेल्यांचा वास सुरू होतो. मुंबईच्या दाट वस्तीतले गोठे बाहेर काढून शहराला स्वच्छ दूध द्यावे, म्हणून १९४९ मध्ये ही दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे त्यामागचे कर्ते अधिकारी. सुमारे १३०० हेक्टर जमीन, क्रमांक दिलेले तबेल्यांचे युनिट आणि हजारो म्हशी. सहलीला येणारी आपली कुटुंबे ‘छोटा काश्मीर’ बागेत दस्तरखान अंटवून, नाव फिरवून परत जातात. त्यांच्या वाटेत न येणारे सत्तावीस आदिवासी पाडे याच जमिनीवर आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, प्रजापूरपाडा ही त्यांतली काही नावे. तेथे प्रामुख्याने वारली राहतात, आणि त्यांची वस्ती दूध वसाहतीच्याही आधीची आहे.

यी-फू तुआन नावाचे एक भूगोलतज्ज्ञ होऊन गेले. जन्म १९३० मध्ये चीनमध्ये, नोकरी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात. २०१३ साली आलेल्या त्यांच्या एका पुस्तकात पर्वत, महासागर, जंगल, वाळवंट आणि बर्फ या टोकाच्या प्रदेशांचा विचार आहे. अशा ठिकाणांची माणसाला भीती वाटते, तरी ओढही वाटते. विशेष म्हणजे त्यांनी याच चर्चेत शहरालाही जागा दिली. आरेत ही दोन टोके एकमेकांना लागून आहेत. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभर चौरस किलोमीटरहून मोठे जंगल, दुसऱ्या अंगाला दोन कोटींच्या घरातले महानगर. फरक एवढाच की टोकाच्या प्रदेशांची ओढ असणारा प्रवासी तेथे जाऊन परत येतो. पाड्यातल्या बाईला रोज रात्री तेथेच चूल पेटवायची असते.

तिचा शेजारी बिबट्या आहे. २०१८ च्या सर्वेक्षणात राष्ट्रीय उद्यान, आरे आणि भोवतालच्या जंगलात ४७ बिबटे नोंदले गेले. तरीही या पाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले आहेत. वर्गात मी विचारले, बिबट्या आला तर काय कराल? इमारतीतल्या मुलांनी पिंजरा, बंदूक, पोलीस अशी उत्तरे दिली. पाड्यावरून येणारी एक मुलगी म्हणाली, “कुत्री वेगळी भुंकायला लागली की आई आम्हाला आत घेते.” तिच्या घरात अंधार पडल्यावर लहान मूल एकटे बाहेर जात नाही. वाटेने जाताना मोठ्याने बोलतात, मोबाइलवर गाणे लावतात, हातात बॅटरी असते. बिबट्या दिसला तर त्याला वाट देतात, घेराव घालत नाहीत. वारली लोक वाघदेवाला मानतात, दिवाळीच्या सुमारास वाघबारस पाळतात. आपली श्रद्धा वेगळी आहे. पण हे जंगल आपल्या एकट्याचे नाही, हा त्यामागचा समज आपल्यालाही कळण्यासारखा आहे.

इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात आपल्या ‘मुकद्दिमा’मध्ये पृथ्वीचे सात हवामान-पट्टे मांडले आणि टोकाच्या पट्ट्यांतल्या लोकांबद्दल काही मते दिली. त्यांतली बरीच आज टिकत नाहीत. मात्र माणूस त्याच्या उपजत स्वभावापेक्षा सवयींनी घडतो, हे त्यांचे म्हणणे आरेत पटते. बिबट्याबरोबर राहण्याची विद्या वारल्यांच्या रक्तात नाही. ती आईकडून लेकराला मिळालेली सवय आहे. सवय शिकवता येते, तशी मोडतेही.

ती पुरेशी ठरतेच असेही नाही. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत एकामागून एक हल्ले झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीत, दोन वर्षांचीही नसलेली एक मुलगी बिबट्याने नेली. ज्या घरातले लेकरू जाते, त्या घराला सहजीवनाचे धडे देण्याचा हक्क आपल्याला नाही. उलट आपल्या बाजूने काय झाले ते पाहावे. उघड्यावरचा कचरा भटकी कुत्री पोसतो, आणि कुत्रे हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. अनेक पाड्यांना वीज, नळ आणि शौचालय मिळायला कित्येक दशके लागली. अंधारात उघड्यावर बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. पकडून दुसरीकडे सोडणे हाही उपाय नव्हे. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसले की असे बिबटे जेथे सोडले, त्या परिसरात हल्ले वाढले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडे तोडली गेली, तेव्हा आरे देशभर गाजले. दोन हजारांहून अधिक झाडे गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. झाडांची मोजणी झाली. प्रजापूरपाड्यातली काही कुटुंबे त्याआधीच इमारतीत हलवली गेली होती, त्यांच्यासोबत काय गेले याची मोजणी झाली नाही. पक्के घर, नळ, दिवा हा त्यांचा हक्कच आहे, आणि तो पाड्यातही देता आला असता. इमारतीत वाढणाऱ्या मुलाला कुत्र्याचे भुंकणे ओळखायचे कारण उरत नाही. पहिल्या पावसानंतरची शेवळे आणि टाकळा कुठे उगवतात हेही त्याला कोणी दाखवत नाही.

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन आरेत जाल तर बिर्याणीची हाडे आणि उरलेले अन्न पिशवीत बांधून घरी आणा. अंधार पडण्याआधी निघा. पाड्याच्या बायका रस्त्याकडेला भाजी विकत असतील तर ती घ्या, आणि ती शिजवायची कशी हेही त्यांनाच विचारा. मुलांना ते ऐकू द्या.