मेलफर्डचें देऊळ

एखाद्या समाजाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर त्याचे राजवाडे मागाहून पाहावे. आधीं त्याच्या खेड्यांतील देवळें पाहावीं, असें मी विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत आलों. राजवाडा एकाच्या इच्छेनें उभा राहतो. गांवचें देऊळ अनेकांच्या वर्गणीनें, नवसानें, मृत्युपत्रांनीं, आणि प्रसंगीं अनेकांच्या भांडणांतूनही उभें राहतें. हें मी सांगत असें तें आपल्याकडील देवळें मनांत धरून. गेल्या वर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून केंब्रिज येथें तीन महिने राहण्याचा योग आला, आणि त्या बाजूच्या खेड्यापाड्यांतील मध्ययुगीन चर्चें पाहतांना माझें तें जुनें वाक्य मला नव्यानें समजलें. त्यांपैकीं एका चर्चची हकीकत येथें देत आहें.

ग्रे कवीची १७५१ सालीं प्रसिद्ध झालेली ‘एलेजी’ वर्गांत शिकवितांना खेड्यांतील चर्चविषयीं मुलांस थोडेंबहुत सांगावें लागे. कोशांतील अर्थ फळ्यावर लिहिला कीं काम भागत असे. परंतु त्या एकेका शब्दामागें केवढी व्यवस्था उभी आहे, हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

असें चर्च बहुधा पूर्वपश्चिम लांब असतें. पश्चिमेस घंटांचा मनोरा, मधें लोकांसाठीं मोठें दालन, आणि पूर्वेच्या टोकास वेदी. दालनास नेव्ह म्हणतात व वेदीच्या भागास चॅन्सेल. सभामंडप आणि गाभारा यांची ज्यांस संवय आहे त्यांस ही रचना समजावयास अडचण पडूं नये. दोहोंच्या मधें कोरीव लांकडी जाळीचा पडदा असे; त्याच्या माथ्यावर क्रुसावरील ख्रिस्त, एका बाजूस त्याची माता मेरी व दुसऱ्या बाजूस शिष्य योहान, अशा ठळक मूर्ति असत. तेराव्या शतकापासून असा दंडक पडला होता, कीं चॅन्सेलची डागडुजी धर्मगुरूनें आपल्या उत्पन्नांतून करावी आणि नेव्हची गांवानें. गांवाच्या वतीनें पैशाचा हिशेब ठेवण्यास लोक आपल्यांतूनच बहुधा दोन वॉर्डन निवडीत. म्हणजे अर्धें मंदिर देवाच्या सेवकाचें आणि अर्धें शेतकरी, विणकर, लोहार यांचें. पाऊस कोणत्या बाजूस गळतो यावरून खर्च कोणाचा तें ठरावयाचें.

आंतील लहानसहान वस्तूंमध्येंही असाच विचार दिसतो. बाप्तिस्म्याचें दगडी कुंड दाराजवळ असतें, कारण धर्मांत प्रवेश व मंदिरांत प्रवेश हे एकाच जागीं व्हावे अशी योजना. त्यांतील मंतरलेलें पाणी जादूटोण्यासाठीं कोणी चोरून नेऊं नये म्हणून कुंडावर कुलपाचें झांकण ठेवण्याची आज्ञा होती. विवाहाचा आरंभ दाराबाहेर, पडवीपाशीं होई. वधूवरांच्या आणाभाका तेथें झाल्यावर मंडळी आंत जात. बसावयाचीं बांकें पंधराव्या शतकांत सर्रास आलीं; तत्पूर्वीं लोक उभे राहत किंवा गुडघे टेकीत, आणि वृद्ध व अशक्त माणसें भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर टेकत. वेदीच्या दक्षिणेस भिंतींत एक लहान कुंड असतें. पूजेचीं पात्रें धुतलेलें पाणी कोणाच्या पायदळीं जाऊं नये म्हणून त्यांतून तें थेट जमिनींत मुरविलें जाई. सोंवळ्याच्या घरांत वाढलेल्या माझ्यासारख्यास या सोयीचा अर्थ कोणी सांगावा लागला नाहीं.

मुंबईच्या वाचकांस ही धाटणी पाहण्यासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ कुलाब्यास बांधलेलें व १८५८ सालीं धर्मकार्यास समर्पित झालेलें अफगाण चर्च याच जुन्या नमुन्यावर उभारलें आहे.

आतां मेलफर्डकडे वळूं. लाँग मेलफर्ड हें सफोक परगण्यांतील गांव लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालें, आणि सुमारें १४६७ पासून १४९७ पर्यंतच्या तीस वर्षांत तेथील लोकांनीं आपलें होली ट्रिनिटी चर्च जवळ जवळ नव्यानें बांधून काढलें. त्या प्रांतांत बांधकामाचा चांगला दगड नाहीं. आहे ती गारगोटी. ती फोडून, तिची काळी गुळगुळीत बाजू बाहेर करून, दुरून आणलेल्या फिकट दगडाच्या चौकटींत बसविली आहे. त्यामुळें सबंध भिंत एखाद्या काळ्यापांढऱ्या विणीच्या वस्त्रासारखी दिसते. विणकरांच्या गांवास हें शोभतेंही. आंत गेल्यावर सडपातळ खांबांच्या रांगा आणि वरखालीं दोन ओळींनीं मोठाल्या खिडक्या. नेव्ह दीडशें फुटांहून थोडें अधिकच लांब आहे, तरी कोठें अंधार म्हणून नाहीं.

परंतु मला अधिक वेळ थांबविलें तें बाहेरच्या लेखांनीं. छपराखालच्या कठड्यांवर मोठ्या अक्षरांत दात्यांचीं नांवें लिहून, त्यांच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करावी अशी येणाऱ्याजाणाऱ्यास विनंती केलेली आहे. रॉजर मॉरिएल व त्याच्या मार्गारेट आणि कॅथरिन या दोन बायका यांच्या नांवाचा लेख १४८१ सालचा आहे. त्यांच्या द्रव्यांतून तेथील कमानी नव्या झाल्या. सूनबाईनें तीं नांवें मान वर करून एकेक वाचलीं. पुरुषाच्या पुण्यांत बायकोचा वांटा दगडावर लिहून ठेवणारें गांव तिला फार आवडलें.

या कामांत पुढाकार होता जॉन क्लॉप्टन या गृहस्थाचा. १४६२ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून त्यास ऑक्सफर्डच्या अर्लबरोबर लंडनच्या टॉवरमध्यें कोंडलें होतें. बरोबरच्यांचा शिरच्छेद झाला; क्लॉप्टन मात्र वांचला, आणि पुढें १४९७ पर्यंत जगला. आपली समाधि त्यानें वेदीच्या उत्तरेस अशा रीतीनें बांधविली, कीं गुड फ्रायडेपासून ईस्टरपर्यंत तीच ख्रिस्ताच्या समाधीच्या जागीं उपयोगीं पडावी. मरणाच्या दारांतून परत आलेल्या माणसाची ही इच्छा मला फार समजूतदार वाटली.

मुख्य चर्चच्या पूर्वेस मेरीमातेचें १४९६ सालचें छोटें मंदिर आहे. त्याच्या मधल्या खोलीस चारी बाजूंनीं फिरती वाट आहे. आपल्या डोळ्यांस ती प्रदक्षिणेचीच वाट दिसते. पुढें धर्म पालटला, मेरीची पूजा बंद पडली, आणि १६७० पासून अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत तेथें गांवची शाळा भरत असे. तिची एक खूण भिंतीवर अजून आहे: गुणाकाराचे पाढे! त्या तक्त्यासमोरून माझा पाय निघेना. इंग्लंडांत मीं पुष्कळ सुंदर वस्तू पाहिल्या. पण माझ्या धंद्यांतील माणसाच्या हाताची खूण तेवढी एकच पाहिली. जेथें दिवे तेवत होते तेथें मुलें पाढे म्हणूं लागलीं, आणि वास्तु वापरांत राहिली.

धर्म पालटला असें वर म्हटलें. १५३४ सालीं आठव्या हेन्रीनें पोपशीं संबंध तोडला; त्याचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या कारकीर्दींत, म्हणजे १५४७ ते १५५३ या सहा वर्षांत, देशभर मूर्ति काढल्या, भिंतींवरचीं चित्रें चुन्यानें पुसलीं, वेद्या पाडल्या. मेरी राणीनें पांच वर्षें जुनें पुन्हां आणलें. एलिझाबेथनें तें पुन्हां काढलें. ज्या गांवानें पैपैसा जमवून मूर्ति आणल्या त्याच गांवास त्या उतरविण्याची मजुरीही द्यावी लागली, असें त्या काळच्या हिशेबवह्या सांगतात.

मेलफर्डचा रॉजर मार्टिन या उलथापालथींत लहानाचा मोठा झाला. तो जुन्या धर्माचा होता व तसाच राहिला. १६१५ सालीं वारला. उतारवयांत त्यानें एक टिपण लिहिलें: आपल्या लहानपणीं हें चर्च कसें होतें. वेदीमागें कोणता कोरीव देखावा होता, कोणती मूर्ति कोणत्या बाजूस होती, लांकडी पडद्यावर कोणाचीं चित्रें होतीं, हें तो ओळीनें सांगतो. पाम रविवारीं चौघेजण छत धरून मिरवणूक कशी नेत, आणि वरून पोरांवर फुलें कशीं उधळीत, हें सांगतो. सणाच्या आदल्या रात्रीं होळी पेटवून आपले आजोबा गरीब शेजाऱ्यांस पंक्तीस कसे घेत, तेंही सोडीत नाहीं. मोडक्या मूर्तिकामाचा कांहीं भाग त्यानें घरीं जपून ठेवला होता. आपले वंशज तो एक दिवस दुरुस्त करून परत बसवितील अशी आशा त्यानें लिहून ठेवली आहे.

जुना विधि मेलफर्डास परत आला नाहीं. परंतु मध्ययुगीन चर्च आंतून कसें दिसे हें ज्यांस आज सांगावयाचें आहे, ते पंडित मार्टिनच्या टिपणाकडे वळतात. राजाज्ञा त्याच्या विरुद्ध होती, गांवांतील बहुमत बदललें होतें. त्याच्या हातीं उरलें होतें तें आठवण आणि लेखणी. तेवढ्यावर त्यानें एक मंदिर राखलें. असाच दुसराही कोणी असावा, कारण बाल ख्रिस्तास भेटी देणाऱ्या तीन ज्ञानी पुरुषांचें चौदाव्या शतकांतील एक अलॅबास्टरचें शिल्प अठराव्या शतकांत तेथल्या जमिनीखालीं सांपडलें. त्या माणसाचें नांव कोणत्याही कठड्यावर नाहीं.

आज संकट निराळें आहे. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारें १६,००० प्रार्थनामंदिरें आहेत, त्यांपैकीं १२,००० हून अधिक कायद्यानें संरक्षित. आणि रविवारीं येणारीं माणसें कमी कमी होत चाललीं आहेत. छपरावरचें शिसें चोर काढून नेतात. जेथील उपासना बंद पडली अशा निवडक मंदिरांसाठीं १९६९ सालीं एक निधि स्थापन झाला. त्या संस्थेकडे आतां ३५० हून अधिक मंदिरें आहेत. मेलफर्डास दाराशीं एक वृद्ध बाई बसल्या होत्या. “आम्ही आळीपाळीनें बसतों,” त्या म्हणाल्या, “दार उघडें राहिलें पाहिजे.” मार्टिनच्या काळीं जें काम लेखणीनें झालें तें त्या खुर्चीवर बसून करीत होत्या.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अजून आजी आहेत, वडील चुलते आहेत. गौरी कोणत्या कोनाड्यांत बसत, कुळधर्माच्या दिवशीं पानें कोणत्या क्रमानें वाढीत, देवघरांतील कोणतें उपकरण कोणी कोठून आणलें, हें त्यांस ठाऊक आहे, नातवंडांस नाहीं. जें टिकेल तें टिकेल, आणि बदलावयाचें तें बदलेलही. पण काय होतें तें तरी लिहिलेलें असावें. घरोघर एक वही घालावी, वडील माणसांनीं सांगावें व मुलांनीं लिहावें, एवढीच माझी विनंती आहे. मीं स्वतः तशी वही घातली आहे. आमच्या मूळ घराचा नकाशा पहिल्या पानावर काढला असून देवघरापासून आरंभ केला आहे. सध्यां माजघरापर्यंत आलों आहें.