टर्बोला टायमर कशाला?

टर्बो टायमर बसवायचा म्हणून कुणी गाडी घेऊन आलं, की लोणी भापकर गावचा मिस्त्री मॉडेल विचारत नाही. "गाडी बंद कुठं करता?" हा त्याचा पहिला प्रश्न. समोरचा गोंधळतो. घरी, आणखी कुठं? मिस्त्री मान हलवतो आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतो. त्याच्या लेखी निम्मा निकाल तिथंच लागलेला असतो.

टायमर म्हणजे इग्निशनच्या वायरिंगमध्ये जोडायची एक छोटी डबी. चावी काढली, दार लावलं, तरी इंजिन ठरवून दिलेला वेळ, म्हणजे अर्ध्या मिनिटापासून चार-पाच मिनिटांपर्यंत, आयडलवर चालत राहतं आणि मग आपलं आपण बंद होतं. एचकेएस, ग्रेडी, ब्लिट्झ ही जपानी नावं गाड्यांचे शौकीन ओळखतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडच्या वेगवान गाड्यांत ही डबी हौसेनं बसवली जायची, आणि त्या काळात त्या हौसेला आधारही होता.

टर्बो ही कल्पना जुनी. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा लावायचा आणि त्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. छोट्या गाडीत हा दांडा भर जोरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. इतक्या वेगाला साधं बॉल बेअरिंग सहसा वापरत नाहीत. बहुतेक गाड्यांत दांडा इंजिनच्याच तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. डिझेल इंजिनात धूर सातशे अंशांच्या घरात असतो, पेट्रोलमध्ये नऊशे ते हजार. म्हणजे एका बाजूला जवळजवळ लालभडक लोखंड आणि अगदी लगत तेल.

इंजिन चालू आहे तोवर ठीक, कारण तेल येतं, उष्णता उचलतं आणि निघून जातं. भर जोरात आलेली गाडी तशीच बंद केली की तेलाचा पंप थांबतो, पण लोखंड तापलेलंच राहतं. ती उष्णता दांड्यातून मध्यभागी सरकते आणि तिथं साचलेलं तेल करपतं. करपलेल्या तेलाचा कोळसा नळीत आणि बेअरिंगच्या भोकांत धरतो, पुढच्या वेळी तेल कमी पोचतं आणि हळूहळू टर्बो बसतो. टायमरचा उगम या भीतीत आहे, आणि भीती खोटी नव्हती. माणूस गाडीत मिनिटभर बसून राहत नाही, हेही खरं. मालकाच्या शिस्तीवर विसंबण्याचा जुना दाखलाही आहे: १९६२ ची अमेरिकन ऑल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोच्या पहिल्या गाड्यांपैकी एक. इंजिनात ठोका होऊ नये म्हणून तिला पाणी आणि मेथॅनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मालक ती भरायलाच विसरत.

मग कारखानदारांनी मालकाच्या भरवशावर राहणं सोडलं. ऐंशीच्या दशकात टर्बोच्या मधल्या भागातून कूलंट फिरवायला सुरुवात झाली. इंजिन बंद झालं तरी तापलेलं पाणी वर चढतं, गार पाणी त्याची जागा घेतं, पंपाशिवाय. काही नव्या पेट्रोल गाड्यांत तर विजेवर चालणारा वेगळा छोटा पंप असतो. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून काही वेळ जी घूं-घूं ऐकू येते ती कधी पंख्याची असते, कधी या पंपाची. तेलही बदललं. जुनं मिनरल तेल ज्या उष्णतेला करपायचं, त्या उष्णतेला सिंथेटिक टिकतं. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी यंत्रणा. टर्बो असलेल्या गाड्यांतही ती कंपनीतूनच येते. जो कारखाना स्वतःच सिग्नलला इंजिन बंद करतो, त्यानं टर्बोचा विचार केलेलाच असणार.

आता मिस्त्रीच्या प्रश्नाकडे. पुण्याहून लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं देऊळ आणि पुष्करणी पाहायला येणारी गाडी हडपसर सोडून दिवे घाट चढते. टर्बोची खरी मेहनत तिथं. त्यानंतर सासवड, जेजुरी, मोरगाव. प्रत्येक गावात स्पीडब्रेकर, एसटी, बाजाराची गर्दी, रस्ता ओलांडणारी मेंढरं. लोणीत शिरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. पायाखाली अॅक्सिलरेटर जवळजवळ नाही, म्हणजे टर्बोवर भार नाही, धूर थंडावलेला, तेल मात्र फिरतंय. टायमरनं जे मिनिट दिलं असतं ते गावाच्या रस्त्यानं आधीच देऊन टाकलेलं असतं. बारामतीत, इंदापुरात, कुठल्याही गावात घर असलेल्या माणसाची हीच कथा. घरासमोर कुणी चौथ्या गिअरमध्ये येऊन थांबत नाही.

पण दिवे घाटाच्या माथ्यावर चित्र वेगळं. वर विठ्ठलाची उंच मूर्ती आहे, खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि फोटो काढायची घाई असते. पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू, चढभर तिसरा गिअर, आणि माथ्यावर आल्याबरोबर गाडी बाजूला घेऊन चावी बंद. इथं मिनिटभर थांबायलाच हवं. कित्येक टर्बो-डिझेल गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत हेच लिहिलेलं असतं: चढ चढल्यावर किंवा वेगानं चालवल्यावर सुमारे मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवा. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट तशीच पडून असते, हा भाग निराळा.

या भागात टर्बोवर खरा अन्याय होतो तो कारमध्ये नाही, ट्रॅक्टरवर. पन्नास अश्वशक्तीच्या पुढचे बरेच ट्रॅक्टर आता टर्बोचे. लोणीचा परिसर जिरायत. उन्हाळ्यातल्या खोल नांगरटीला इंजिन तासन् तास पूर्ण भारावर असतं. तेवढ्यात फोन वाजतो. आवाजात ऐकू येत नाही म्हणून ड्रायव्हर शेताच्या मधोमध स्टॉपर ओढतो. घाट नाही, वेग नाही, तरी दिवे घाटाच्या माथ्यासारखीच अवस्था. उलट ऊस घेऊन सोमेश्वरनगरच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्याला जाणारा ट्रॅक्टर वजनकाट्याच्या रांगेत इतका वेळ घुरघुरत उभा असतो, की त्याच्या टर्बोची काळजी कुणी करू नये. डिझेलची करावी.

एक नवी भानगडही आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो साठलेली काजळी अधूनमधून जाळतो, तेव्हा आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. पंखा जोरात ओरडतोय, आयडल थोडं चढलंय, गरम वास येतोय, असं दिसलं तर गाडी हळू चालवली असली तरी चटकन बंद करू नये.

गॅरेजमध्ये टर्बो उघडायची वेळ येते तेव्हा मात्र दोष सहसा यातल्या कशाचाच नसतो. मिस्त्री आधी एअर फिल्टरकडून येणारा होज काढतो आणि बोट आत घालून दांड्याचं टोक हलवून बघतो. बाजूला किंचित हललं तर हरकत नाही, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे खेळलं, किंवा पंख्याची पाती घराला घासल्याची चमक दिसली, तर टर्बो गेला. मग तो पात्यांच्या कडांवरून नख फिरवतो. कडा झिजून बोथट झाल्या असतील तर फिल्टर फाटका होता किंवा होजला चीर होती, आणि रस्त्याचा सगळा फुफाटा पंख्यानं गिळला होता. शेवटी तेलाची बारीक नळी सोडतो. तिच्या बँजो बोल्टच्या भोकात तार घातली की दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखे काळे पापुद्रे निघतात. गिऱ्हाईक लगेच म्हणतं, बघा, टायमर हवा होता. मिस्त्री डिपस्टिक काढून त्याच्या बोटाला तेल लावतो. ते डांबरासारखं घट्ट असतं. कमी झालं की वरून भरायचं, बदलायचं मात्र नाही, असा कारभार. असलं तेल मिनिटभर जास्त फिरवून टर्बो वाचत नाही.

सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर रेस मारणं हेही तितकंच वाईट, कारण टर्बोपर्यंत तेल पोचायला क्षणभर वेळ लागतो. त्यावर टायमर काही करत नाही.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या गाडीत लायसन्सवाला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी काही तजवीज हवी. टायमरवाली गाडी रस्त्यावर सोडून गेलं की इंजिन चालू आणि सीट रिकामी. इंजिन चालू असताना गाडी गिअरमध्ये टाकून ठेवता येत नाही, त्यामुळे उतारावर सगळी भिस्त एकट्या हँडब्रेकवर.

तरीही एखादा हट्ट धरतोच. जुनी, कुलूपकिल्लीची साधी गाडी असेल तर मिस्त्री डबी बसवून देतो, पैसे घेतो, वाद घालत नाही. बटणानं सुरू होणारी, इम्मोबिलायझरवाली नवी गाडी असली तर हात लावत नाही. वायरिंग तोडल्यावर वॉरंटीचं काय होईल ते आधी शोरूममध्ये लिहून घेऊन या, म्हणतो, आणि जाता जाता एअर फिल्टर बदलून देतो.